डोंगरातली आमा

आमच्या बोटीवर नेपाळचे खलाशी येऊ लागले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आधी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातलीच पोरं जायची. मग ती शिकली. कोणी थळच्या कारखान्यात लागलं, कोणी मुंबईला गेलं, आणि ज्यांना दोन्ही जमलं नाही त्यांनी रिक्षा घेतली. बोटींना माणसं मिळेनात. तेव्हा नेपाळचे आले. ज्यांनी जन्मात कधी दर्या पाहिला नव्हता ती माणसं आमची जाळी ओढू लागली. मी चौथी शिकले. भूगोलाच्या पुस्तकात नेपाळ होतं, पिवळ्या रंगाचं. त्यापलीकडे मला त्या देशाची काही माहिती नव्हती.

मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो आला तेव्हा तिशीचा असेल. बुटका, रुंद खांद्यांचा. पहिल्या फेरीत इतका ओकला की माझा मुलगा, म्हणजे बोटीचा नाखवा, घरी येऊन म्हणाला, "आय, याला परत धाडतो. हा टिकायचा न्हाय."

मी म्हटलं, "ओकू दे. तुझा बाप पण ओकायचा, आणि तो तर इथलाच."

तो टिकला. दोन हंगामांत आमची बोली अशी शिकला की बाजारातल्या बायका त्याच्याकडे वळून बघायच्या. माझी नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि माझ्याशी छापील बोलतात. हा मात्र "व्हय गं आय, येतंय" म्हणायचा आणि ते त्याच्या तोंडी शोभायचं. मला तो आय म्हणायचा कारण माझा मुलगा तसं म्हणतो. स्वतःच्या आईला आमा. दोघींची त्याने कधी सरमिसळ केली नाही. ते मला बरं वाटायचं. कोणी उगाच मला आईच्या जागी मानायला लागलं की मला संशय येतो, याला काय हवंय.

जाळी विणायला आमच्या दारात एक उंडीचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत बसायचा. कोळीवाड्यातलं माणूस बसलं की तोंड दर्याकडे करून बसतं, सवयच ती. हा पाठ दर्याकडे करायचा. एकदा मी विचारलं, "दर्यावर रागावलास काय?"

"न्हाय. तिकडं आमा हाय."

"तिकडं चौल हाय. मग नारळीच्या वाड्या संपल्या की डोंगर."

"त्या डोंगराच्या पल्याड, आय. लई पल्याड."

दरवर्षी पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की तो गावी जायचा. नारळी पौर्णिमेच्या आसपास परत यायचा. येताना आमाने दिलेलं काहीतरी वाळवलेलं असायचं, कसलासा आंबवलेला पाला, त्याला वास होता. मी त्याला म्हटलं, "आमच्या सुक्या मासळीला नाकं मुरडणारे लोक आम्हाला ठाऊक हायत, पण हे तुझं त्याहून भारी हाय." तो हसला आणि त्याचं सार करून मला पाजलं. वाईट नव्हतं. त्याबदल्यात तो जाताना मी आमासाठी सुका जवळा द्यायचे. अशी ती बाई आणि मी एकमेकींना ओळखायचो. एकमेकींचं वाळवण खाऊन.

भूकंप झाला त्या दिवशी बोट किनाऱ्यालाच होती. ऊन असं की जवळा सकाळी पसरला तर दुपारी कुरकुरीत. मी तो गोळा करत होते. सून आतून म्हणाली, "आई, टीव्हीवर बघा, नेपाळला भूकंप झालाय. मोठमोठी देवळं पडलीत." मी पाहिलं. धूळ आणि पळणारी माणसं. हातातली सुपली तशीच घेऊन मी धक्क्यावर गेले.

सगळ्या बोटींवरचे नेपाळी खलाशी जाळ्यांच्या ढिगाभोवती जमले होते. प्रत्येकाच्या कानाला फोन. एवढी माणसं फोन कानाला लावून बसलेली आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी आमच्याला विचारलं, "लागतो का?"

"न्हाय, आय."

"वाजतो तरी?"

"वाजत पण न्हाय."

"मग तार तुटली असंल. आपल्याकडं वारं सुटलं तरी तुटते, तिथं तर जमीन हललीय."

त्याने मान हलवली आणि पुन्हा नंबर लावला. मी उभी राहिले. आणखी काय करणार. घरी आले तेव्हा सुपलीतला जवळा अर्धा वाटेत सांडला होता.

आमच्या कोळीवाड्यात रीत आहे. वाड्यात कोणी गेलं की त्या दिवशी एकही बोट दर्यावर जात नाही. मग तो माणूस गरीब असो, भांडकुदळ असो, कोणाशी बोलत नसो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात जुनी माणसं बसली, की आता काय करायचं. हंगामाचे शेवटचे दिवस, एकेक फेरी मोलाची. मी पायरीवर बसून ऐकत होते.

एक म्हणाला, "माणसं मेली ती परदेशात. सुतक कुठवर पाळायचं? उद्या म्हणाल अमेरिकेचं पाळा."

दुसरा म्हणाला, "ज्यांनी ओढलेली मासळी खातोस त्यांचं सुतक तुला न्हाय?"

"तसं मी कुठं म्हणलं?"

"तेच म्हणलास."

तिसरा आमच्याच भावकीतला, तो शेवटी म्हणाला, "कशाला भांडता? खलाशी धक्क्यावर बसलेत, उठायला तयार न्हाईत. बोटी नेणार कोण? तुमच्या बायका?"

दर्या बंद राहिला. तो दुखवट्याने बंद राहिला की माणसं नव्हती म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. पण बंद राहिला हे खरं, आणि खाडीच्या तोंडाशी सगळ्या बोटी गप्प उभ्या होत्या, हेही खरं.

मग गावाला जोर आला. दुपारपर्यंत नाक्यावर फलक लागला. "भावपूर्ण श्रद्धांजली". खाली गावच्या पुढाऱ्याचा फोटो हात जोडलेला, आणि मागे बर्फाचा एक डोंगर. फोटो डोंगरापेक्षा मोठा. आमच्या खलाशाने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "हा आमचा डोंगर न्हाय." शाळेच्या पटांगणात पोरांनी मेणबत्त्या लावल्या, त्या वाऱ्याने विझत होत्या आणि पोरं पुन्हा लावत होती. कपडे गोळा झाले. बायकांनी ट्रंकांच्या तळातून नायलॉनच्या साड्या काढल्या. त्या थंडीत नायलॉन नेसून कोण बसणार, पण देणाऱ्याचा हात कोण धरतो. माझ्या सुनेने एक चांगली घोंगडी दिली. ती माझी होती.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्याने माणसं वाईट वाटतील.

आमच्यात ज्या घरी मयत होते तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारणी भात आणि बिनफोडणीचं वरण घेऊन जातात, झाकून, डोक्यावर पदर घेऊन. घरच्यांना दोन घास खायला लावायचे, जवळ बसायचं. तो भात कोण कशासाठी आणतं हे लहान पोरालाही कळतं. संध्याकाळच्या आधी माझी जाऊ आणि तिच्याबरोबर आळीतल्या बायका पातेली घेऊन खलाशांच्या खोलीवर निघाल्या. मीही निघाले. रीत आहे, निघायलाच हवं, एवढाच विचार. भात माझ्या हातात नव्हता इतकंच, कारण माझ्या घरचा जाऊबाईच्या पातेल्यात घातला होता.

माझी जाऊ रडण्यात पटाईत. तिला रडायला मेलेला माणूस ओळखीचा लागत नाही. खोलीच्या दारातच तिने सूर लावला. बाकीच्यांनी पदर डोळ्यांना लावले. आत पाच-सहाजण भिंतीला टेकून बसले होते. आमचा उठून दारात आला.

"काकी, कशाला रडता?"

"अरे लेकरा, तुझी आय..."

"आमाचं काय?"

जाऊ थांबली. "एवढी माणसं गेली रं तिकडं..."

"माझी आमा गेली असं कोणी सांगितलं?"

त्याने पातेल्यावरचं झाकण उचललं, भात बघितला, झाकण परत ठेवलं. इतकी वर्षं इथे राहिलेला माणूस, त्याला रीत ठाऊक होती. आमच्या घरी माझा नवरा दारूने गेला तेव्हा हाच भात त्याने आम्हाला वाढला होता.

"फोन लागत न्हाय, एवढंच झालंय," तो म्हणाला. "भात घेऊन जा, काकी. हा मी खाल्ला तर ती मेली."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण करता आलं असतं. जाऊबाईला राग आला. वळून मला म्हणाली, "बघितलंस? करायला जावं तर हे असं. मग काय उपाशी ठेवायचं यांना?"

मी म्हटलं, "भात उचल."

"आणि खातील काय?"

"ते मी बघते. तू भात उचल आधी."

घरी बर्फात बोंबील होते, आदल्या फेरीचे, त्यानेच ओढलेले. सुतकात चुलीवर मासळी चढत नाही, आणि मासळी चढली म्हणजे त्या घरात कोणी मेलेलं नाही. एवढं साधं आहे. मी बोंबील, मसाला, चिंच, तेलाची बाटली टोपलीत घेतली आणि त्यांच्या खोलीत जाऊन त्यांचाच स्टोव्ह पेटवला. आमच्याने काही न विचारता लसूण सोलायला घेतला. रोज बोटीवर तोच सोलायचा. लसूण तेलात पडला तसा वास बाहेर गेला आणि दारात कुजबुज सुरू झाली.

"अगो, आज मासळी? आज तर दर्या बंद ठेवलाय."

मी कालथा हातात घेऊनच बाहेर आले. "सुतक कोणाचं हाय? नाव सांगा. नाव सांगितलं की स्टोव्ह बंद करते."

नाव कोणाकडेच नव्हतं. बायका गेल्या. जाऊबाई माझ्याशी पुढे गौरीगणपतीपर्यंत बोलली नाही. मलाही त्याने काही अडलं नाही.

ते सगळे जेवले. खाली मान घालून, भराभर, दिवसभराचे उपाशी. आमच्याने बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला आणि म्हणाला, "आय, मीठ कमी पडलंय."

"घाल वरून."

घरी मुलगा माझी वाट बघत बसला होता. म्हणाला, "तो गावाला जायचं म्हणतोय. महिन्याने बोटी वर काढायच्याच आहेत, तेव्हा गेला असता. आता मधेच सोडून गेला तर मी माणूस आणू कुठनं?"

मी म्हटलं, "त्याचे हात जाळ्यात असतील आणि डोकं तिकडं. असला माणूस बोटीवर घेऊन गेलास तर तूच पाण्यात जाशील. जाऊ दे त्याला."

मुलगा माझ्यासारखाच आहे, पटलं की वाद घालत नाही. सकाळी त्याने स्वतः त्याला मोटरसायकलवर एसटी स्टँडला सोडलं. मी जवळा बांधून दिला होता, जास्तच. सांगितलं, "भेटली की फोन कर. न्हाय भेटली तरी कर. लपवून ठेवू नको."

"करतो, आय."

मग काही नाही. दिवस गेले. सुनेचा फोन वाजला की मी हातातलं काम ठेवून बघायचे आणि कोणीतरी विम्याचं बोलायचं. पाऊस लागला, बोटी वर ओढून झापांनी शाकारल्या. खलाशांची खोली रिकामी. टीव्हीवर नेपाळ दिसायचं बंद झालं. नाक्यावरचा फलक पावसाने फाटला, त्यातला पुढारी राहिला आणि डोंगर गेला. गावात कोणी त्या गोष्टीबद्दल बोलत नव्हतं. मला मात्र रोज जेवताना वाटायचं, ती बाई आहे की नाही? मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी वाटायचं. आणि ती नसेल तर मी त्या दिवशी त्याला खोट्या आशेचं जेवण घातलं की काय, असंही वाटायचं.

आषाढात फोन आला. आवाज आधी ओळखलाच नाही, इतका लांबून.

"आय, आमा हाय. जिवंत हाय."

घर पडलं तेव्हा ती बकऱ्यांमागे रानात होती. वरून दगड आला आणि खुबा मोडला. शेजाऱ्यांनी उतरवून दवाखान्यात नेली होती, दुसऱ्याच गावात. हा तिला शोधत तंबू तंबू फिरला. मी म्हटलं, "बरं झालं," आणि फोन सुनेच्या हातात दिला. 

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात उतरल्या. खलाशी आले. मी धक्क्यावर गेले होते. त्याच्या गावाजवळचा एकजण होता, तो म्हणाला, तो यायचा नाही. आमाला चालता येत नाही, घरात दुसरं कोणी नाही, बायको केव्हाच सोडून गेलेली. पत्र्याची खोली बांधलीय, तिथे दोघं असतात.

मला जे हवं होतं तेच झालं होतं. त्याची आई जगावी म्हणून मी सगळ्या आळीचा राग घेऊन मासळी शिजवली. ती जगली, आणि जगली म्हणून तो येऊ शकत नव्हता. याबद्दल भांडायचं कोणाशी?

पुढच्या वर्षी त्याच्याकडे चित्र दिसणारा फोन आला. त्याने आमाला दाखवलं. पडद्यावर एक सुरकुतलेली, चपट्या नाकाची म्हातारी, नाकात सोन्याची चमकी. माझ्याच वयाची, कदाचित लहानही. ती माझ्याकडे बघून भडाभडा बोलायला लागली. मला एक शब्द कळला नाही. मीही माझं बोलत राहिले, खुब्याला तेल लावते का, ऊन मिळतं का, पोराला नीट खायला घालते का. तिला काय कळणार. तो मधे पडून सांगायला लागला तर तिने हाताने त्याला बाजूला केलं. मग तिने त्याला फोन दाराबाहेर धरायला लावला आणि मला तिचा डोंगर दाखवला. बर्फबिर्फ काही नव्हतं. हिरवा, पायऱ्या पायऱ्यांचा. मी सुनेला म्हटलं, मला धक्क्यावर ने. तिला दर्या दाखवला. तिने तोंडावर हात घेतला.

तो म्हणाला, "आमा विचारते, हे सगळं हलतं का?"

"हलतं म्हणून सांग."

त्याने सांगितलं. ती मान जोरजोरात हलवू लागली. तो हसत म्हणाला, "ती म्हणते, हलणाऱ्या जागी मी आता मरेपर्यंत येणार न्हाय."

मी तेव्हा त्याला विचारणार होते की तिला घेऊन ये, खालच्या खोलीत राहा दोघं, डॉक्टर इथे जवळ आहे. विचारायच्या आधीच उत्तर मिळालं.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे चक्रीवादळ आलं, तेव्हा त्याचीही अशीच पंचाईत झाली. वीज गेली, फोन गेले, चौलपासून इकडच्या वाड्यांमधली पोफळी-माड आडवे झाले. आम्हाला आसऱ्याला शाळेत हलवलं होतं. फोन सुरू झाले तेव्हा पहिला त्याचा. रोज लावत होता म्हणाला. आधी मुलाला शिव्या दिल्या, बोट नीट बांधली होती का म्हणून. मग मला एकेक विचारत बसला. घराची कौलं? गेली. वलांडी? मोडली. मासळी वाळवायला बांबू आता महाग मिळतील. उंडीचं झाड?

"पडलं," मी म्हटलं. "मुळासकट."

घराच्या वेळी तो बोलत होता. झाडाच्या वेळी गप्प झाला. मागून आमाचा आवाज येत होता, ती काहीतरी विचारत होती. त्याने तिला सांगितलं असावं, कारण मग तीही गप्प झाली. तिने ते झाड पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्या तोंडून ऐकलं असणार, जसं मी तिच्या बकऱ्यांबद्दल ऐकलं होतं.

आता तो चाळिशी ओलांडून गेला. केस पांढरे झालेत, फोनवर दिसतात. बोटीवर दुसरी माणसं आहेत, चांगली आहेत, कामाला वाईट नाहीत. त्यांतला एक आमची बोली बोलायला बघतो, मी त्याला हिंदीतच उत्तर देते. दर हंगामाच्या सुरुवातीला गाडीतून खलाशी उतरतात तेव्हा मी धक्क्यावर असते. सून म्हणते, "आई, उन्हात कशाला उभ्या राहता, कोण आलं ते मी सांगते ना घरी." तिचं बरोबर आहे.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. तिन्हीसांजेची वेळ, मी दारात बसले होते.

"आमा कशी हाय?"

"बरी हाय. भिंत धरून चालते आता. बकरीला ओरडते."

"ओरडू दे. ओरडणारं माणूस टिकतं."

"तू कशी हायस, आय?"

"गुडघे गेलेत. बाकी हाय."

तो फोन ठेवत नव्हता, मीही ठेवला नाही. तिकडे कुठेतरी कोंबडा भलत्या वेळी आरवत होता. इकडे खाडीतून एक बोट आत येत होती, इंजिनाचा आवाज जवळ जवळ येत होता. तो त्याला ऐकू गेला असावा.

"आय," तो म्हणाला, "ही आपलीच ना? आपलं इंजिन ना?"

आमच्या बोटीला मुलाने दोन वर्षांपूर्वी नवीन इंजिन बसवलंय, त्याचा आवाज वेगळा आहे. आणि ती आमची बोट नव्हतीच, आमची त्या दिवशी बाहेर होती. ही पलीकडच्या आळीतली.

"व्हय," मी म्हटलं. "आपलीच."